फुकटच्या सॉफ्टवेअरचा पगार कोण देतं?

एप्रिल २०१४मध्ये 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणारी ओपनएसएसएल ही लायब्ररी तेव्हा लाखो संकेतस्थळं वापरत होती. जोडणी शाबूत आहे ना, हे पाहण्यासाठी एक यंत्र दुसऱ्याला थोडा मजकूर पाठवतं आणि त्याची लांबी सांगतं. दुसऱ्याने तेवढाच मजकूर परत करायचा. ओपनएसएसएल मात्र ही लांबी पडताळतच नव्हतं. चार अक्षरं पाठवून 'चौसष्ट हजार आहेत' असं सांगितलं, की सर्व्हर आपल्या मेमरीत शेजारी पडलेलं काहीही उचलून देई. त्यात पासवर्ड असत, प्रसंगी गुप्त किल्लीसुद्धा.

हा दोष दोन वर्षं तसाच होता. पाहणार तरी कोण? प्रकल्पाचं पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता, आणि वर्षाच्या देणग्या सुमारे २,००० डॉलर! परवाना सगळ्यांनाच फुकट वापर करू देतो, हे खरं. तरी अब्जावधींची उलाढाल याच कोडवर करणाऱ्या कंपन्यांनी इतकं बेफिकीर राहावं, हे लाजिरवाणंच. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने निधी उभारला. गूगल, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन यांच्यासह अनेक कंपन्यांनी तीन वर्षं दरसाल प्रत्येकी १ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

देणगीपेक्षा पगार जास्त उपयोगी पडतो, असं मला ठामपणे वाटतं. लिनक्स कर्नलमधले बहुतेक बदल आज पगारी इंजिनिअर करतात. त्यात स्वार्थ आहेच. नवा प्रोसेसर लिनक्सवर चालला नाही, तर इंटेल तो सर्व्हरवाल्यांना विकणार कसा? पण जिथे असा थेट फायदा दिसत नाही, ते छोटे प्रकल्प बेवारस राहतात.

डेटा आकुंचित करणारं 'एक्सझेड' असंच एका थकलेल्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर होतं. मदतीच्या मिषाने आलेल्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावला आणि त्यात चोरवाट पेरली. मार्च २०२४मध्ये ती सापडली, तीही दुसरंच काम करणाऱ्या माणसाला. आंद्रेस फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टच्या पगारावर पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसचं काम करतात. लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा त्यांनी पिच्छा पुरवला.

ऑक्टोबर २०२४मध्ये बेंगळुरूच्या झिरोधाने अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर मिळू शकतात. वरची रक्कम हाती आली, तर एखादा सांभाळकर्ता वर्षभर दुसरी नोकरी न करता हेच काम करू शकेल.