शक्तीआधी सहनशक्ती

टर्बोचार्जरचा पंखा एक्झॉस्टच्या झोतावर फिरून सिलिंडरात जादा हवा कोंबतो. शक्तीबरोबर दाब व उष्णताही वाढतात. १९६२ साली अमेरिकेत निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये कॉम्प्रेशनचे प्रमाण १०.२५ असे चढेच होते. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी-मिथेनॉलचे मिश्रण निराळ्या टाकीत भरावे लागे. मालक ते विसरत आणि गाडीची शक्ती घटे. अनेकांनी पुढे टर्बोच काढून टाकला. स्वीडनच्या साबने १९७८ च्या '९९ टर्बो'साठी हेच प्रमाण ७.२ वर आणले आणि कमी फेऱ्यांतच कामाला लागणारा लहान टर्बो निवडला. वाचकहो, यावरून आम्ही एवढेच सुचवू: हौसेने इंजिन बांधणाऱ्याने मोठ्या टर्बोचा मोह आवरून प्रथम घडीव पिस्टन, मजबूत गॅस्केट आणि तेल-पाण्याची चोख व्यवस्था पाहावी. शक्ती त्यानंतर मागावी.