वर्त्मशोथ : लेपापूर्वीची विचारणा

पापण्या सुजलेला रुग्ण बहुधा प्रथम वैद्याकडे येत नाही, तो औषधाच्या दुकानात जातो. तेथे डोळ्यांत घालावयाचे थेंब मिळतात. चार दिवसांत सूज उतरली नाही तरच तो चिकित्सालयाची पायरी चढतो. प्रस्तुत त्रैमासिकाचे वाचक या दोन्ही ठिकाणी बसलेले असल्यामुळे हा वरवर किरकोळ वाटणारा विषय येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असून तिच्याखालील ऊतक अत्यंत सैल असते. त्यामुळे स्थानिक कारण अल्प असले तरी येथे सूज मोठी दिसते. आणि शरीरात अन्यत्र द्रवसंचय होऊ लागला तरी त्याची पहिली खूण अनेकदा येथेच उमटते. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात वर्णिलेल्या ७६ नेत्ररोगांपैकी २१ वर्त्मगत आहेत. त्यांतील अंजननामिका म्हणजे आपल्याकडील रांजणवाडी, तर लगण म्हणजे न पिकणारी, न दुखणारी, बोराएवढी कठीण गाठ. पोथकीशी जुळविला जाणारा ट्रॅकोमा भारतात आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले. आपल्या गुरुजनांच्या काळी तो नित्याचा होता. परंतु पापणीवर दिसणारी प्रत्येक सूज या २१ व्याधींतच बसविण्याचा आग्रह धरू नये. कित्येकदा ती सर्वांगशोथाचे पूर्वरूप असते, आणि घोटाळा नेमका येथेच होतो.

चरकाचार्यांनी शोथचिकित्सेच्या अध्यायात वातज शोथ दिवसा बलवान व दाबल्यावर पुन्हा वर येणारा, तर कफज शोथ रात्री बलवान व दाबल्यावर खळगा तसाच ठेवणारा सांगितला आहे. हा भेद केवळ परीक्षेत लिहिण्यापुरता नाही. दोन्ही पापण्या सकाळी फुगलेल्या, न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या व सायंकाळपर्यंत ओसरणाऱ्या असतील, तर डोळ्याकडे पाहण्यापूर्वी मूत्राकडे पाहावे. काही वर्षांपूर्वी पाच वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आणला गेला. दोन आठवडे त्याला अ‍ॅलर्जीचे थेंब चालू होते व जोडीला पापण्यांवर गेरूचा लेप. आईने सहज सांगितले की, लघवीला हल्ली फार फेस येतो आणि अर्ध्या चड्डीचे इलॅस्टिक पोटावर रुतते. मूत्रपरीक्षेत प्रथिने भरपूर आढळली आणि त्याच दिवशी त्यास बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले. नेफ्रॉटिक सिंड्रोम हा विकार दोन ते सहा वर्षांच्या मुलांत विशेषेकरून आढळतो व योग्य वेळी उपचार झाल्यास बहुतेक मुले चांगला प्रतिसाद देतात. अशा बालकास पुनर्नवाष्टक क्वाथ देऊन पाहू या, असे म्हणत आठवडे घालविणे आम्हांस मान्य नाही. मूत्रपरीक्षेची पट्टी प्रत्येक चिकित्सालयात असावी; तिचा खर्च लेपाच्या पुडीहून फार अधिक नाही. प्रौढांत असाच शोथ दिसल्यास वृक्काबरोबर थायरॉईडचाही विचार करावा. तेथे सुस्ती, मलबद्धता व थंडी सहन न होणे ही सोबतची लक्षणे विचारून घ्यावीत.

खाज प्रधान असेल तर प्रश्न वेगळे. केसांना काय लावले? ‘काळी मेंदी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत पॅराफेनिलीनडायअमाइन हे रसायन असते. टाळूवर फारसे काही न दिसता दुसऱ्या दिवशी पापण्याच टम्म फुगतात, आणि रुग्ण शपथेवर सांगतो की मी तर फक्त मेंदी लावली. ग्रामीण भागात बिब्बा उतलेला रुग्णही असाच येतो. कारण दूर करणे, स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवणे आणि चोळू न देणे एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो.

शेक गरम द्यावा की गार, याविषयी घरोघरी गोंधळ आहे. खाजणाऱ्या सुजेस गार. रांजणवाडी व लगण यांस उष्ण. मात्र नेत्रास स्वेद मृदूच द्यावा हा शास्त्रादेश विसरू नये. कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके पाच ते दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, हे पुरेसे होते. रांजणवाडी पिळू नये. ती वारंवार होत असेल तर रक्तशर्करा तपासावी. उतारवयात एकाच जागी पुनःपुन्हा होणारी लगणासारखी गाठ नेत्रतज्ज्ञांस दाखवावी, कारण पापणीतील तैलग्रंथींचा कर्करोग प्रारंभी असाच दिसतो.

बिडालक हा या व्याधींतील आमचा आवडता उपक्रम. शार्ङ्गधरोक्त यष्टीमधु, गेरू, सैंधव, दारुहळद व रसांजन समभाग पाण्यात वाटून, पापण्यांचे केस वगळून बाहेरून लावावे आणि वाळण्यापूर्वीच ओल्या कापसाने काढावे. वाळलेला लेप त्वचा ओढतो व खाज वाढवितो. त्वचा फुटलेली असल्यास लेप नको. त्रिफळा क्वाथाने परिषेक करावयाचा तर तो ताजा उकळलेला, दुहेरी-तिहेरी वस्त्रातून गाळलेला व निवालेला असावा. उरलेला दुसऱ्या दिवशी वापरू नये. डोळ्यांत घालावयाचे थेंब चिकित्सालयात बनवून देण्याचा मोह मात्र टाळावा. निर्जंतुक निर्मिती तेथे शक्य नसते.

ज्वर, लाल व तप्त पापणी, पुढे आलेले नेत्रगोल, डोळा फिरविताना वेदना, दृष्टी मंद होणे वा एकाचे दोन दिसणे, यांपैकी काहीही असल्यास, विशेषतः सर्दी झालेल्या बालकात, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. येथे जंतुसंसर्ग नेत्रगुहेत उतरलेला असू शकतो.

औषधविक्रेत्या बंधूंना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडयुक्त थेंब देऊ नयेत. त्यांनी लाली झटकन जाते, म्हणूनच ग्राहक तीच बाटली पुन्हा मागतो, आणि महिनोन्महिने वापरल्यास नेत्रदाब वाढतो व मोतीबिंदूही होतो. दुसरे असे की, पापण्यांसह ओठ किंवा जीभ सुजलेली दिसली तर रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे ते विचारावे. एनालाप्रिल, रामिप्रिल या वर्गातील औषधांनी असा शोथ होतो, तोही कधी कधी अनेक महिने गोळी सुखरूप पचल्यानंतर. आवाज बदलला असेल वा श्वास अडकत असेल, तर थेंबांची बाटली काढण्यापूर्वी गाडी बोलवावी.