चांदिपुरा ताप मेंदूवर का जातो?

चांदिपुरा हे नागपूरकडच्या एका गावाचं नाव आहे आणि एका रोगाचंही. १९६५ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला तापाच्या दोन रोग्यांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. त्याला त्या गावाचंच नाव पडलं.

हा विषाणू वाळूमाशी चावल्याने अंगात शिरतो. ही माशी डासापेक्षाही लहान. दिवसा ती मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, दमट अंधारात लपते. संध्याकाळी व रात्री चावते. आपल्या खानदेशात मातीची आणि धाब्याची घरं पुष्कळ आहेत, म्हणून मी हा विषय घेतला.

विषाणू फार बारीक असतो. साध्या सूक्ष्मदर्शकातून पण दिसत नाही. याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा असतो आणि अंगावर प्रथिनांचे काटे असतात. डाळीतली प्रथिने आपल्याला ताकद देतात, पण ही प्रथिने वेगळी. त्या काट्यांनी विषाणू आपल्या पेशीला चिकटतो व आत घुसतो.

मेंदूत पहारेकरी पेशी असतात. शेतातल्या जागल्याला चाहूल लागली की तो आरोळी देतो. तसंच या पेशींना विषाणू परका आहे हे कळलं, की त्या काही रसायने सोडतात. ती झाली त्यांची आरोळी. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीला धावतात. इथपर्यंत ठीक. पण एका रानडुकरासाठी सारा गाव काठ्या घेऊन शेतात शिरला तर? डुक्कर जाईल, पण कपाशीही तुडवली जाईल. तशा मेंदूच्या चांगल्या पेशी मरतात आणि मेंदू सुजतो. पायात काटा मोडला तर पाय सुजायला जागा असते. मेंदूभोवती कवटीचं हाड आहे. सूज आतल्या आत दाबते. मग उलट्या होतात, झटके येतात, शुद्ध जाते.

२००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यातली १८३ दगावली. २०२४ साली आपल्या देशात जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रोगी झाले. ८२ दगावले. त्या २४५ पैकी ६४ जणांना चांदिपुरा होता, असं तपासणीत निघालं.

लेकराला झटके आले की काही लोक म्हणतात, बाहेरचं झालं. अंगारा लावतात, उतारा टाकतात. त्यात रात्र जाते. हा रोग तर एकदोन दिवसांतच जीव घेतो. यावर अजून लस नाही, खास औषधही नाही. पण दवाखान्यात झटके थांबवतात, मेंदूची सूज उतरवायचं औषध देतात. म्हणून जोराचा ताप, उलट्या, झटके दिसले तर लगेच लेकराला सरकारी दवाखान्यात न्यावे. रात्र असली तरी थांबू नये.

घरी काय करावे?
१) भिंतीच्या भेगा लिंपून घ्याव्या.
२) गोठा रोज झाडावा. शेणाचा ढीग घरापासून लांब ठेवावा.
३) अंगभर कपडे घालावे. बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपावे.
४) फवारणीवाले आले तर त्यांना घरात व गोठ्यात फवारू द्यावे.

— इयत्ता ४ थी