गृहजालावरील चित्रपट-प्रवाहन
गृहजालावरील चित्रपट-प्रवाहन : विकत घेतलेल्या तबकडीवरील चित्रपट फाइलीच्या रूपाने उतरवून घरातील सामायिक संचयकात साठविणे आणि तेथून तो दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या गेम कन्सोलकडे नेटवर्कवरून सलग पाठवून पाहणे, ह्या क्रियेस गृहजालावरील चित्रपट-प्रवाहन असे म्हणता येईल. प्रवाहन म्हणजेच स्ट्रीमिंग. ह्यात संपूर्ण फाइल आधी ग्राहक उपकरणात उतरवून घ्यावी लागत नाही. फाइलीचा जो भाग पडद्यावर यावयाचा असतो, तो काही क्षण अगोदर पोहोचला म्हणजे पुरे. ह्या व्यवस्थेची तीन अंगे असतात : फाइली साठविणारा संचयक, त्या वाहून नेणारे जाल आणि त्यांचे चित्र व ध्वनी ह्यांत रूपांतर करणारे कन्सोल. ह्यांपैकी पहिल्या दोन अंगांच्या तांत्रिक अडचणी बऱ्याच अंशी सुटल्या आहेत. तिसऱ्या अंगावर मात्र ग्राहकाचा नव्हे, तर निर्मात्याचा ताबा असतो आणि ह्या विषयातील बहुतेक प्रश्न त्यातूनच उद्‌भवतात.

पार्श्वभूमी : डीव्हीडी ही तबकडी १९९६ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. तिच्या एका थरात ४.७ व दोन थरांत ८.५ गिगाबाइट माहिती मावते. चुंबकीय फितीवरील चित्रपटाची प्रत काढताना चित्राची प्रत घसरत असे. अंकीय तबकडीवरील माहितीची प्रत मात्र मुळाबरहुकूम निघते. संगणकाच्या हार्ड डिस्कची क्षमता वाढून तिची किंमत उतरली, तेव्हा तबकड्यांचा सर्व संग्रह एकाच ठिकाणी ठेवण्याची कल्पना व्यवहार्य ठरली. तथापि संगणक अभ्यासिकेत आणि दूरचित्रवाणी संच दिवाणखान्यात, ही अडचण उरली होती. दूरचित्रवाणी संचाला आधीच जोडलेला, नेटवर्कची सोय असलेला आणि वेगवान प्रक्रियकाचा एक संगणक अनेक घरांत होता, तो म्हणजे गेम कन्सोल.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे एक्सबॉक्स हे कन्सोल २००१ मध्ये आले. त्यात फेरफार करून चित्रपट दाखविणारा एक्सबॉक्स मीडिया प्लेअर हा कार्यक्रम हौशी आज्ञावलीकारांनी २००२ मध्ये तयार केला. त्यातूनच एक्सबॉक्स मीडिया सेंटर हा कार्यक्रम विकसित झाला व २०१४ मध्ये त्यास कोडी हे नाव मिळाले. २००५ मधील एक्सबॉक्स ३६० आणि २००६ मधील सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ३ ह्या कन्सोलांत असे प्रवाहन निर्मात्यांनीच उपलब्ध करून दिले. प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे तबकडी वाचण्याची सोय होती आणि मे २००७ मधील सुधारित प्रणालीने त्यास जालावरील फाइली पाहण्याची क्षमता दिली. त्यामुळे ते अनेक घरांत खेळापेक्षा चित्रपटांसाठीच अधिक वापरले जाऊ लागले.

चित्रपट-फाइलीची रचना : चित्रपटाची फाइल ही पेटी व तीतील ऐवज अशा दुहेरी स्वरूपाची असते. चित्र आणि ध्वनी प्रचंड जागा व्यापतात म्हणून त्यांचे गणिती पद्धतीने संकोचन करतात. संकोचन व पुनर्विस्तार ह्यांच्या पद्धतीस कोडेक म्हणतात. डीव्हीडीवर एमपेग-२ ही पद्धती वापरतात. २००३ मध्ये प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धती त्याच दर्जाचे चित्र त्याहून बऱ्याच कमी जागेत बसविते. संकोचित चित्र, एक वा अनेक भाषांतील ध्वनी, उपशीर्षके इ. घटक ज्या आवरणात एकत्र बांधतात त्यास कंटेनर म्हणतात. एव्हीआय, एमपी४, मॅट्रोस्का (एमकेव्ही) ही आवरणे विशेष प्रचलित आहेत. फाइलीच्या नावामागील अक्षरे केवळ आवरण दर्शवितात, आतील कोडेक नव्हे. एकाच प्रकारच्या दोन फाइलींपैकी एक चालते व दुसरी चालत नाही, ह्याचे नेहमीचे कारण हेच होय.

संचयक : जालाला जोडलेल्या संचयकास नॅस असे संक्षिप्त नाव आहे. हा एक लहान संगणकच असून त्यात एक वा अधिक हार्ड डिस्क बसविलेल्या असतात. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ ह्यांनी १९८८ मध्ये बर्कली येथून मांडलेली रेड ही रचना त्यात सर्रास वापरतात. तिच्या परस्परप्रतिमा प्रकारात तीच माहिती दोन तबकड्यांवर लिहितात. त्यामुळे एक तबकडी निकामी झाली, तरी संग्रह शाबूत राहतो. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्ही तबकड्यांवरून एकाच वेळी नाहीशी होते. म्हणून रेड रचनेस राखीव प्रतीचा पर्याय समजता येत नाही. महत्त्वाच्या संग्रहाची स्वतंत्र प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक ठरते.

फाइली यूएसबी जोडणीच्या सुट्या डिस्कवरून थेट कन्सोलला का देऊ नयेत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. प्लेस्टेशन ३ अशा डिस्कवरील फॅट३२ ही जुनी रचनाच ओळखत असे आणि तीत एका फाइलीचा आकार ४ गिगाबाइटपेक्षा मोठा असू शकत नाही. ब्लू-रे चित्रपट सामान्यतः ह्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जातो. जालावरून पाठविताना मात्र फाइल संचयकाच्या स्वतःच्या रचनेत राहते व कन्सोलला केवळ तिचा प्रवाह मिळतो. त्यामुळे ही मर्यादा आड येत नाही.

कार्यपद्धती : संचयकावर सर्व्हर ह्या प्रकारचा एक कार्यक्रम सतत चालू असतो. जालावर आल्यावर कन्सोल एका राखीव सामूहिक पत्त्यावर पृच्छा पाठविते. ती ऐकून सर्व्हर आपले नाव व आपल्याकडील सेवा कळवितो. त्यानंतर कन्सोल त्याच्याकडून फाइलींची सूची मागते, प्रेक्षक तीतून चित्रपट निवडतो आणि संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या एचटीटीपी ह्याच संकेताने फाइलीचे तुकडे मागविले जातात. चित्रपट पुढे-मागे नेल्यास कन्सोल फाइलीचा फक्त त्या ठिकाणापासूनचा भाग मागते. आलेले तुकडे क्षणभर स्मृतीत साठविले जातात, त्यामुळे जालातील किरकोळ व्यत्यय पडद्यावर जाणवत नाही.

ही ओळख आपोआप पटावी म्हणून यूपीएनपी हे संकेत १९९९ पासून आखण्यात आले. त्यांच्या आधारे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे परस्परांना जुळावीत ह्यासाठी सोनी, इंटेल इ. कंपन्यांनी २००३ मध्ये एक संघटना स्थापन केली. ती पुढील वर्षापासून डीएलएनए ह्या नावाने ओळखली जाऊ लागली व २०१७ मध्ये विसर्जित झाली. तिने चित्रपटांसाठी सर्वांस बंधनकारक केलेले स्वरूप मुख्यत्वे एमपेग-२ हे होते; नवी स्वरूपे ऐच्छिक राहिली. परिणामी उपकरणावर संघटनेचे चिन्ह असूनही ग्राहकाची फाइल त्यावर चालेलच अशी खात्री नसे.

जालाचा वेग : लागणारा वेग सोप्या गणिताने काढता येतो. सेकंदाला सरासरी ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट ह्या दराचा दोन तासांचा चित्रपट सु. ७.२ गिगाबाइट जागा घेतो. २ मेगाबिट दराला तोच चित्रपट १.८ गिगाबाइटमध्ये बसतो, तर ब्लू-रेवरील ३० मेगाबिट दराला २७ गिगाबाइट लागतात. प्लेस्टेशन ३ मधील बिनतारी जोडणीचा कागदोपत्री वेग ५४ मेगाबिट असला, तरी भिंती, अंतर व संकेतांचा स्वतःचा भार वजा जाता त्याच्या निम्माही वेग क्वचितच पदरात पडे. म्हणून डीव्हीडीच्या दर्जाचा चित्रपट बिनतारी जोडणीवर सुरळीत चाले, पण ब्लू-रेच्या दर्जाचा अडखळे. १०० मेगाबिटची साधी तारजोडणी अशा चित्रपटासही पुरते. येथे सरासरीइतकाच कमाल दरही लक्षात घ्यावा लागतो, कारण धावपळीच्या किंवा पावसाच्या दृश्यात माहितीचा ओघ एकाएकी वाढतो.

स्वरूपांची जुळणी : कन्सोलला न समजणारी फाइल दोन प्रकारे चालविता येते. ऐवज योग्य असून केवळ आवरण अपरिचित असल्यास ते बदलले की काम भागते. उदा., प्लेस्टेशन ३ मॅट्रोस्का आवरण उघडत नसे, मात्र त्यातील एच.२६४ चित्र एमपी४ सारख्या आवरणात घातले की ते चाले. ह्यात चित्राची प्रत बदलत नाही व वेळही थोडा लागतो. कोडेकच अपरिचित असल्यास सर्व्हरला चित्राचा विस्तार करून ते दुसऱ्या पद्धतीने पुन्हा संकोचावे लागते. हे पुनःसंकेतन चित्रपट चालू असतानाच करावयाचे तर बलवान प्रक्रियक हवा. घरगुती संचयकातील लहान प्रक्रियक येथे बहुधा कमी पडतो. शिवाय दुसऱ्यांदा होणाऱ्या संकोचनाने चित्राची प्रत थोडी उतरतेच.

कायदा : संग्रहातील सर्वांत नाजूक पायरी म्हणजे तबकडीवरून फाइल उतरविणे. व्हीसीडी ह्या भारतात एकेकाळी घरोघर पोहोचलेल्या तबकडीवर कुलूप नसे. डीव्हीडीवरील माहिती सीएसएस ह्या गूढलेखनाने बंद केलेली असते. ते उलगडणारा कार्यक्रम १९९९ मध्ये प्रसृत झाल्यावर नॉर्वेतील योन लेक योहानसेन ह्या तरुणावर खटला झाला. २००३ मध्ये कनिष्ठ व वरिष्ठ अशा दोन्ही न्यायालयांनी त्यास निर्दोष ठरविले. अमेरिकेत मात्र १९९८ च्या कायद्याने असे कुलूप उघडणे हेच सामान्यतः निषिद्ध ठरविले आहे. डीव्हीडी उतरवून ठेवणाऱ्या रिअलनेटवर्क्स कंपनीच्या कार्यक्रमाची विक्री तेथील न्यायालयाने २००९ मध्ये रोखली. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ पासून खाजगी प्रतीस दिलेली मुभा तेथील उच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये रद्द केली. भारतात प्रतिलिप्यधिकार अधिनियमाच्या २०१२ मधील दुरुस्तीने ६५ अ हे कलम घातले. त्यानुसार हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक उपाय चुकविणे दंडनीय आहे. त्याच दुरुस्तीने खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठीच्या न्याय्य वापराची तरतूद चित्रपटांसही लागू केली. स्वतःच्या तबकडीची स्वतःपुरती प्रत आणि इतरांस वाटण्यासाठी केलेली प्रत ह्यांतील भेद त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

मर्यादा व महत्त्व : कन्सोलचा निर्माता अनेकदा चित्रपटांचाही व्यापारी असतो आणि नव्या प्रणालीद्वारे तो उपकरणाचे वर्तन विक्रीनंतरही बदलू शकतो. २००९ च्या अखेरीस आलेल्या प्रणालीपासून प्लेस्टेशन ३ चित्रपटांच्या ध्वनीत मिसळलेली सिनाविया ही अश्राव्य खूण तपासू लागले. अनधिकृत प्रतीचा संशय आल्यास ध्वनी बंद पडे. ही खूण ध्वनीतच गुंफलेली असल्याने पुनःसंकेतनानंतरही टिकते आणि प्रत तबकडीच्या मालकाची स्वतःची आहे की नाही, हे तीवरून कळत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये जालावरील फाइली पाहण्याची सोयच नव्हती. ती जून २०१५ मध्ये देण्यात आली. २०२० मधील प्लेस्टेशन ५ देखील अशा अंगभूत सोयीविना बाजारात आले. दरम्यान प्लेक्ससारखे स्वतंत्र कार्यक्रम २०१४ मध्ये कन्सोलांवर आले होते, त्यांनी ही उणीव बरीच भरून काढली.

महाजालावरील सेवांमुळे घरगुती संग्रहाची गरज संपली, असे म्हटले जाते. परंतु सोनी कंपनीने ऑगस्ट २०२१ अखेर आपल्या दुकानातील चित्रपटांची विक्री थांबविली. त्यानंतर वर्षभराने जर्मनी व ऑस्ट्रियातील ग्राहकांनी पूर्वी विकत घेतलेले स्टुडिओकॅनाल ह्या संस्थेचे चित्रपट, परवान्याच्या कारणावरून, त्यांच्या संग्रहातून काढून घेतले गेले. तेथे विकला गेला होता तो चित्रपट नव्हे, तर तो पाहण्याचा परवाना. घरातील संचयकावरील फाइल अशी परत नेता येत नाही. ती टिकविण्याची जबाबदारी मात्र सर्वस्वी मालकाची असते : मूळ तबकडी जपणे, स्वतंत्र राखीव प्रत ठेवणे आणि एखाद्याच उपकरणाला बांधलेल्या स्वरूपाऐवजी सर्वत्र चालणारे स्वरूप निवडणे, ही तिची प्रमुख अंगे होत. कन्सोलची एक पिढी साधारणतः सहा-सात वर्षांनी मागे पडते. नीट सांभाळलेला संग्रह तीमागून येणाऱ्या उपकरणावरही पाहता येतो.