किनारा राखणाऱ्यांचा वाटा

बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मात्र त्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी आणि तिला मिळणारी सिंदफणा यांचे पाणी, वाटेतला गाळ व कचरा घेऊन, अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळते. त्यामुळे सागरी संवर्धन हा एकट्या कोकणाचा प्रश्न ठरत नाही. किनाऱ्यावरील लोकांना या कामात कसे सहभागी करून घेता येते, हे मंडणगड तालुक्यातील (जि. रत्नागिरी) वेळास गावाने दाखवून दिले आहे.

ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असूनही कोकणात ही अंडी काढून खाल्ली वा विकली जात आणि उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वेळासच्या ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी राखण्यास आरंभ केला. गस्तीवरचा गावकरी वाळूतल्या मागावरून घरटे हुडकतो, अंडी उलटी-पालटी न होऊ देता उचलतो आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबण्याच्या राखीव जागेत, मूळ घरट्याइतकाच खोल खड्डा करून पुरतो. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले वर आली की ती ओल्या वाळूवर सोडली जातात आणि स्वतःच सरपटत लाटांपर्यंत जातात. हा क्षण पाहायला येणाऱ्यांसाठी कासव महोत्सव सुरू झाला, गावातील घरांतच पाहुण्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली आणि जिवंत पिलू अंड्यापेक्षा अधिक मोलाचे ठरले.

खोल पाण्यातला प्रश्न वेगळा आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव अडकला, तर त्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागते आणि तो भुर्दंड मच्छीमारालाच बसतो. म्हणून राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये अशा जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय घेतला. सुटकेचे छायाचित्र वा चित्रफीत हा त्यासाठीचा पुरावा. खाडीकाठीही असाच एक प्रयोग आहे: वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यातील झाडी, दाखवतात. तेथे उत्पन्न झाडे उभी राहण्यावरच अवलंबून आहे.

या प्रयोगांना मर्यादाही आहेत: पर्यटकांची गर्दी व दिव्यांचा झगमगाट वाढल्यास कासविणी किनारा टाळतात आणि ठरावीक मर्यादेची भरपाई महागड्या जाळ्याला पुरत नाही. तरीही त्यांतून निघणारे सूत्र एकच आहे: निसर्ग राखण्याचा लाभ सर्वांना होतो, परंतु त्याची झळ जवळच्या माणसाला लागते; ती झळ समाजाने वाटून घेतली, तरच कायद्याला गावाची साथ मिळते. पाटोदा तालुक्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यालगतच्या शेतांत मोर पेरलेले दाणे टिपतो, तेव्हा हेच सूत्र बीड जिल्ह्यालाही तितकेच लागू पडते.