एक बोली, तीन लिप्या

रामनवमीला वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी माणसांनी भरून जातं. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीच्या दर्शनाला महाराष्ट्राबरोबर तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातूनही तांडे येतात. घराबाहेर कुणी मराठी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी कन्नड. इथं एकमेकांशी बोलायला त्यांना आपली गोरबोली पुरते.

युरोपला अशी सामायिक भाषा ठरवून मिळवावी लागते, आणि ती अजून मिळालेली नाही. 1887 मध्ये झामेनहॉफनं एस्पेरांतो ही कृत्रिम भाषा मांडली. ती एकाही देशाची राजभाषा झाली नाही. 1958 मध्ये युरोपीय समुदायानं कारभारासाठी चार भाषा मान्य केल्या, आज युरोपीय संघात 24 आहेत. गोरमाटी म्हणजेच बंजारा समाजाला सामायिक भाषा कुणी निवडून दिली नाही. ती लदेणीच्या वाटांवर टिकली. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे दख्खनभर फिरत, सैन्यांना रसद पुरवत. मुलूख बदलला की बाजाराची भाषा बदले. तांड्यातली राजस्थानी वळणाची बोली मात्र सोबत चाले. त्या त्या प्रांताचे शब्द तिनं घेतले, पण मूळ वळण सोडलं नाही.

मग रेल्वे आली आणि लदेणी बसली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच अनेक तांड्यांना भोगावा लागला. गुन्हेगारीचा तो शिक्का पुसला गेला 1952 मध्ये. चारच वर्षांनी भाषेनुसार राज्यं आखली गेली. तांडे स्थिरावले, मुलं शाळेत जाऊ लागली, पण प्रत्येक राज्याच्या भाषेत. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. समाजाचा माणूस राज्याच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला, तरी तांड्यातल्या मुलाचं पहिलं पुस्तक परक्याच भाषेतलं राहिलं.

या बोलीला स्वतःची रूढ लिपी नाही. त्यामुळे महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, तेलंगण-आंध्रात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. भजन, अरदास, होळीची लेंगी गीतं कानानं सगळ्यांना कळतात. छापील पान मात्र सीमेपलीकडच्या भावाला वाचता येत नाही. जनगणनेनंही या बोलीची फाळणीच केली. 2011 मध्ये ‘लमाणी/लंबाडी’ 32 लाखांहून अधिक आणि ‘बंजारी’ 15 लाखांहून अधिक, अशा दोन वेगळ्या नोंदी झाल्या, त्याही हिंदीच्या पोटात. राजस्थानी वळणाची, दक्षिणेत वाढलेली ही बोली हिंदीत मोजणं हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत येण्यासाठी ज्या 38 भाषांच्या मागण्या केंद्राकडे आहेत, त्यांत बंजारा आहे. ही मागणी मान्य झाली तर लिपीचा प्रश्न लगेच पुढे येईल. देवनागरी सगळ्यांवर लादण्याचा मोह महाराष्ट्रानं टाळावा. गोव्यानं 1987 मध्ये कोकणीसाठी देवनागरी ठरवली, आणि रोमी लिपीत लिहिणाऱ्यांची नाराजी आजही कायम आहे. त्यापेक्षा शब्दसंग्रह आणि व्याकरण एक ठेवून तिन्ही लिप्यांत एकच पुस्तक छापता येईल. पोहरादेवीत 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. वेगवेगळ्या राज्यांतले लेखक, शिक्षक आणि तांड्यांचे नायक एकत्र बसून अशा पुस्तकाची सुरुवात करायला याहून योग्य गाव नाही. पहिली इयत्ता धरूनच ती व्हावी.