‘आढळले’ आणि ‘मुळे’ : साथीच्या काळातील निद्रावैद्यकाचे एक उदाहरण

शास्त्रीय गद्यात क्रियापदांना आणि अव्ययांना विशेष महत्त्व असते. त्याचे एक उदाहरण येथे तपासून पाहू.

2020 साली कोविडच्या साथीत असंख्य लोकांची झोप उडाली. येथे हा वाक्प्रचार शब्दशः घ्यावा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रुग्णनोंदींवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून स्रवणारे संप्रेरक होय. झोपेसाठी त्याच्या गोळ्याही घेतल्या जातात. त्या घेणाऱ्यांमध्ये कोविड चाचणी सकारात्मक येण्याची शक्यता सुमारे 28 टक्क्यांनी कमी आढळली.

‘आढळली’ या क्रियापदाकडे लक्ष द्या. त्यातून दोन गोष्टी एकत्र दिसल्याचे कळते, अधिक काही नाही. याउलट ‘मेलाटोनिनमुळे कोविड टळतो’ असे लिहिताच ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कार्यकारणभाव सांगू लागते. तो अभ्यासात सिद्ध झालेला नव्हता. संशोधकांनी कोणालाही गोळ्या दिल्या नव्हत्या. जे घेत होते, त्यांच्या नोंदी पाहिल्या होत्या. वय, धूम्रपान, इतर आजार यांचा हिशेब त्यांनी केला. परंतु घराबाहेर कोण किती पडत होते, हे रुग्णनोंदीत कोठून उतरणार? म्हणूनच यादृच्छिक चाचणी हवी, असे त्यांनी स्वतःच म्हटले. अशा चाचणीत औषध कोणाला द्यायचे हे जणू चिठ्ठी टाकून ठरते. त्यामुळे सावध आणि बेफिकीर माणसे दोन्ही गटांत सारखी विभागली जातात.

साथीत एवढा वेळ कोठे असतो, असा आक्षेप तुम्ही घ्याल. तो मला मान्य नाही. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ ही चाचणी मार्च 2020 मध्ये सुरू झाली. ज्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर जगाची भिस्त होती, त्याने रुग्णालयातील रुग्णांचे मृत्यू कमी होत नाहीत, हे तिने जूनमध्येच दाखवले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हेही त्याच महिन्यात कळले. या वाक्यातील ‘मुळे’ मी जाणूनबुजून लिहिला आहे.

स्वाध्याय : ‘मेलाटोनिनमुळे कोविड टळतो’ हे वाक्य वरील अभ्यासाला धरून पुन्हा लिहा. अभ्यास कोणाचा, कशावर आधारलेला आणि काय आढळले, हे त्यात यावे.